नेट चालत नाही म्हणजे नेमके काय?



गृहपाठ न करण्याच्या कारणांनाही काळाप्रमाणे नवे रूप येत असते. पूर्वी मुलांचे पोट दुखत असे, मग घरी पाहुणे येऊ लागले, पुढे रात्री वीज जाऊ लागली. गेल्या काही वर्षांत या सर्वांना मागे टाकणारे एक वाक्य प्राचार्यांच्या खोलीत ऐकू येते: "सर, नेट चालत नव्हतं." प्रकल्पाची माहिती काढली नाही, कारण नेट चालत नव्हते. शिष्यवृत्तीचा अर्ज मुदतीत भरला नाही, कारण नेट चालत नव्हते. वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावरील सूचना वाचली नाही, तिथेही तेच.

गंमत सोडली तर यात माझ्यापुढे एक खरी अडचण असते. पोटदुखीचे सोंग अनुभवी शिक्षकाला चेहऱ्यावरून ओळखता येते. नेटचे तसे नाही. या वाक्यामागे कधी आळस असतो, पण पुष्कळदा ते अगदी खरे असते. खरे बोलणाऱ्या मुलाला खोटे ठरवणे हे शिक्षकाला शोभत नाही. उलट सर्वांचेच मान्य करत गेलो, तर जो मुलगा रात्री शेजारी जाऊन काम पुरे करून आला त्याच्यावर अन्याय होतो. म्हणून मी एक प्रथा ठेवली आहे. असे कोणी म्हणाले की मी रागावत नाही, फक्त एकच प्रश्न विचारतो: "कुठपर्यंत चालत होतं?"

बहुतेक मुले या प्रश्नावर गोंधळतात. कधी पालकही गोंधळतात. त्यांच्या दृष्टीने नेट एक तर चालते किंवा चालत नाही. हा प्रश्न का विचारायचा आणि त्याचे उत्तर घरच्या घरी कसे शोधायचे, हे सांगण्यासाठी आजचा हा लेख आहे.

माझे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. विज्ञानाचा विद्यार्थी असल्यामुळे प्रयोगशाळेत 'परिपथ' जोडावा लागे. बल्ब लागला नाही की आमचे गुरुजी उत्तर सांगत नसत. ते विचारत, सेल तपासला का, तार तपासली का, बल्ब दुसऱ्या जागी लावून पाहिला का? एका वेळी एकच वस्तू बदला, हा त्यांचा नियम होता. पुढे संगणक आले, इंग्रजी शब्दांचा पूर आला, पण नियम तोच राहिला. "आम्हाला इंग्रजी फारसं येत नाही, म्हणून हे आमच्या आवाक्याबाहेरचं" असे काही पालक म्हणतात, त्यांना मी हेच सांगतो. शब्द आठवड्याभरात पाठ होतात. क्रमाने तपासण्याची सवय मात्र लावून घ्यावी लागते, आणि ती कोणत्याही भाषेत लागते.

आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमामार्फत. तेव्हा घरात एक संगणक, एक मोडेम आणि एक टेलिफोनची तार, एवढाच संसार होता. मोडेम फोन लावायचा, खरखर आवाज करायचा, आणि नेट सुरू असेपर्यंत फोन गुंतलेला राहायचा. २००४ च्या सरकारी धोरणात सेकंदाला किमान २५६ किलोबिट वेग असला की त्याला ब्रॉडबँड म्हणावे असे ठरले. जानेवारी २०२३ पासून ही किमान मर्यादा २ मेगाबिट झाली आहे. वेग वाढला, तसा घरातला पसाराही वाढला. आता बाहेरून फायबर येते, एक डबा असतो, त्यापुढे दुसरा डबा, मधे स्विच, टीव्ही, दोन संगणक आणि माणशी एक मोबाइल. बिघाडाच्या जागा पूर्वी दोन होत्या, आता दहा झाल्या आहेत. म्हणूनच कुठपर्यंत चालते हे पाहावे लागते.

प्रथम या डब्यांची ओळख करून घेऊ.

मोडेम हा दुभाषी आहे. बाहेरच्या तारेवर ज्या रूपात संदेश येतो ते रूप घरातल्या यंत्रांना समजत नाही. मोडेम एका रूपाचे दुसऱ्यात रूपांतर करतो. मॉड्युलेटर आणि डीमॉड्युलेटर या दोन शब्दांच्या जोडणीतूनच त्याचे नाव तयार झाले. फायबरच्या जोडणीत काचेच्या बारीक तंतूतून प्रकाश येतो आणि डबा त्याचे विजेच्या संकेतांत रूपांतर करतो. तंत्रज्ञ त्याला ओएनटी म्हणतात, आपण सवयीने मोडेमच म्हणतो.

राउटर हा वाड्याच्या दिंडी दरवाजावरचा कारभारी समजा. बाहेरच्या जगाला आपल्या घराचा एकच पत्ता दिसतो, पण आत राहणारी यंत्रे अनेक असतात. कारभारी प्रत्येकाला आतला क्रमांक देतो. कोणाचे पत्र बाहेर गेले हे लक्षात ठेवतो आणि उत्तर आले की बरोबर त्याच्याच खोलीत पोहोचवतो. हे आतले क्रमांक बहुधा १९२.१६८ ने सुरू होतात. असे काही क्रमांक खाजगी वापरासाठी राखून ठेवण्याचा नियम १९९६ सालचा आहे. त्यामुळे जगातील लाखो घरांत तेच ते क्रमांक आहेत, जशी प्रत्येक वाड्यात 'खोली क्रमांक एक' असते. बाहेर त्यांचा उपयोग नसल्यामुळे गोंधळ होत नाही. एकाच वाड्यात मात्र दोन खोल्यांना एकच क्रमांक पडला तर काय होते, ते पुढे येईलच.

स्विच या शब्दाने आपल्याकडे हमखास घोटाळा होतो, कारण आपल्याला स्विच म्हणजे दिव्याचे बटण माहीत आहे. हा स्विच म्हणजे पाच किंवा आठ भोके असलेली लहानशी डबी. ती वाड्यातल्या जुन्या गड्यासारखी आहे. कोण कोणत्या खोलीत राहतो हे तिला ठाऊक असते, आतल्या आत निरोप पोहोचवते. पण ती दरवाजाबाहेर जात नाही आणि कोणाला क्रमांकही देत नाही.

हल्ली मोडेम, राउटर आणि चार भोकांचा स्विच हे तिन्ही एकाच डब्यात मिळतात, म्हणून घरोघरी त्याला 'वायफायचा डबा' एवढेच नाव उरले आहे. डबा एक असला तरी कामे तीन आहेत हे विसरू नये. डबे वेगळे असतील तर क्रम पक्का आहे: बाहेरची तार मोडेममध्ये, मोडेममधून राउटरमध्ये, राउटरमधून स्विचमध्ये आणि स्विचमधून संगणकाकडे. राउटरच्या भोकांपैकी एक बाकीच्यांपासून थोडे दूर किंवा वेगळ्या रंगाचे असते, त्याच्यावर 'वॅन' किंवा 'इंटरनेट' लिहिलेले असते. मोडेमकडून येणारी तार त्याच भोकात जायला हवी.

आता तपासणी. यासाठी कोणतेही हत्यार लागत नाही.

पहिली पायरी, दिवे पाहा. फायबरच्या डब्यावर 'पॉन' आणि 'लॉस' अशी दोन अक्षरी खूण असलेले दिवे असतात. पॉनचा दिवा स्थिर असेल तर बाहेरून प्रकाश नीट येत आहे. लॉसचा दिवा लाल दिसला तर प्रकाशच पोहोचत नाही. फायबर कुठे फर्निचरखाली दबले किंवा कोपऱ्यात तीव्र वळण घेतलेले नाही ना एवढे पाहावे आणि सरळ कंपनीला कळवावे. अशा वेळी घरातला डबा दहा वेळा बंद-चालू करण्यात अर्थ नाही.

दुसरी पायरी, तारेच्या दोन्ही टोकांचे बारीक दिवे पाहा. जिथे केबल खोचली आहे तिथे भोकाजवळ बहुधा एक छोटा दिवा असतो. तो लागला म्हणजे दोन यंत्रांचा विजेचा संबंध जुळला. न लागल्यास केबल, भोक किंवा पलीकडचे यंत्र यांपैकी एकात दोष आहे. दुसरी केबल लावून पाहिली की उत्तर मिळते.

तिसरी पायरी, संगणकाला क्रमांक मिळाला का? विंडोजच्या काळ्या चौकटीत 'आयपीकॉन्फिग' हा शब्द इंग्रजी अक्षरांत टाइप केला की क्रमांक दिसतो. तो १९२.१६८ ने सुरू होत असेल तर कोणीतरी क्रमांक दिला आहे. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर क्रमांक देणारे कोणी भेटलेच नाही, संगणकाने स्वतःच एक नाव धारण केले आहे. म्हणजे दोष संगणक आणि राउटर यांच्यामध्ये आहे.

चौथी पायरी, हाका मारून पाहा. त्याच चौकटीत 'पिंग' हा शब्द आणि पुढे पत्ता लिहिला की संगणक त्या पत्त्याला हाक मारतो आणि उत्तर आले की नाही ते सांगतो. आधी राउटरला हाक मारायची, त्याचा पत्ता पुष्कळ घरांत १९२.१६८.१.१ असतो. तिसऱ्या पायरीतल्या यादीत 'गेटवे' या शब्दापुढे तो दिसतोच. मग बाहेर ८.८.८.८ ला, हा गूगलचा सार्वजनिक पत्ता आहे. शेवटी एखाद्या संकेतस्थळाला नावाने. राउटरने उत्तर दिले आणि बाहेरच्याने नाही, तर अडचण दरवाजापलीकडे आहे. आकड्यांच्या पत्त्याने उत्तर दिले आणि नावाने नाही, तर रस्ता ठीक आहे, फक्त नावावरून पत्ता सांगणारी सेवा बिघडली आहे. तिला डीएनएस म्हणतात. असे असताना लोक म्हणतात, "व्हॉट्सॲप चालतंय पण बाकी काही उघडत नाही."

या चार पायऱ्या केल्या की "कुठपर्यंत चालत होतं?" या प्रश्नाचे उत्तर देता येते. दिवे लागले होते, क्रमांक मिळाला होता, राउटर बोलत होता, बाहेरचे बोलत नव्हते, असे जो विद्यार्थी सांगतो त्याला मी पुढचे काही विचारत नाही. त्याने प्रयत्न केला हे त्याच्या उत्तरातच असते.

हे ज्ञान किती उपयोगी पडू शकते याचे एक उदाहरण सांगतो. दोन्ही कुटुंबांच्या संमतीने आणि नावे न देता लिहीत आहे.

ऑगस्ट २०२० मधील गोष्ट. शाळा बंद होत्या, वर्ग मोबाइलवर आणि संगणकावर चालत होते. दहावीतील एक विद्यार्थिनी आठवडाभर वर्गात अधूनमधून दिसे आणि मधेच नाहीशी होई. तिमाही चाचणीतही ती दोन विषयांत अर्ध्यावर गळाली. विचारले तेव्हा ती गप्प राहिली. शेवटी तिच्या वडिलांचा फोन आला. घर जुन्या इंदुरातले, दोन मजली, वडिलोपार्जित. खाली थोरल्या भावाचे कुटुंब, वर धाकट्याचे. नेटची जोडणी वरच्या मजल्यावर. वरून खिडकीतून एक केबल खाली आणलेली आणि खाली पाच भोकांचा स्विच. खर्च निम्मा-निम्मा. वर्षभर सुरळीत चालले होते. पण घराच्या वाटणीचा विषय निघाला होता आणि दोघा भावांचे बोलणे बंद झाले होते. वडील फोनवर म्हणाले, "सर, वरून मुद्दाम बंद करतात. मुलीचं वर्ष आहे, तरी करतात." पुढे कळले की वरच्या मजल्यावरही नेट तसेच अडखळत होते, आणि तिथे समजूत अशी की खालची मंडळी रागाने दिवसभर काहीतरी डाउनलोड करत बसतात.

आमचे संगणक शिक्षक त्या वेळी कार्यालयात होते, त्यांनी मुलीला फोनवर घेतले. त्यांनी कोणावर संशय घेतला नाही, की समजूतही घातली नाही. ते म्हणाले, "बाळ, वही घे. मी विचारतो, तू फक्त बघून लिही." स्विचवर वरून येणाऱ्या केबलचा दिवा लागला आहे का? लागला होता. म्हणजे तार कोणी काढलेली नव्हती. क्रमांक मिळाला आहे का? मिळाला होता. राउटरला हाक मार. उत्तर आले, तेही लगेच. बाहेर हाक मार. उत्तर नाही. पुन्हा मार. या खेपेस आले. पुन्हा नाही.

मग सरांनी तिला एक वेगळाच प्रयोग सांगितला. वरचा डबा एक मिनिट बंद करायला सांग आणि राउटरला हाक मार. वडील म्हणाले, मी वर निरोप देणार नाही. मुलीने जिन्यातून आपल्या चुलत भावाला हाक मारली. मोठी माणसे बोलत नव्हती, पण मुलांचे बोलणे कोणी बंद केले नव्हते. त्याने वरून सांगितले, "बंद केला गं ताई, बघ." मुलीने हाक मारली आणि क्षणभर काही बोललीच नाही. मग म्हणाली, "सर, वरचा डबा बंद आहे, तरी उत्तर येतंय."

बंद डबा उत्तर देत नाही. म्हणजे १९२.१६८.१.१ हा पत्ता सांगणारे दुसरे कोणीतरी त्या घरात होते. सरांनी स्विचमधील सर्व केबली काढायला लावल्या, फक्त वरची आणि संगणकाची ठेवली. वरचा डबा सुरू केला आणि संगणकही एकदा बंद करून पुन्हा लावला. नेट व्यवस्थित. मग एकेक केबल परत लावत गेले. चौथी लावली आणि नेट अडले. ती केबल बैठकीतल्या कपाटावर जात होती. तिथे एक जुना राउटर होता. खाली वायफायचा जोर कमी पडतो म्हणून एका ओळखीच्या गृहस्थांनी तो प्रेमाने आणून जोडून दिला होता. तेव्हापासूनच नेट अडत होते, पण त्याच आठवड्यात वाटणीची बोलणीही झाली होती, आणि घरच्यांच्या मनात दुसरीच तारीख पक्की बसली होती.

झाले होते असे. दोन्ही राउटरांचा पत्ता कारखान्यातून एकच आलेला, १९२.१६८.१.१. दोघेही क्रमांक वाटत होते. एका वाड्याला दोन कारभारी, दोघांचे नाव एक, आणि त्यातल्या एकाकडे बाहेर जायचा दरवाजाच नाही. संगणक ज्या वेळी खऱ्याकडे जाई त्या वेळी नेट चाले, दुसऱ्याकडे गेला की अडे. स्विचमुळे वरचा आणि खालचा मजला एकाच जाळ्यात असल्यामुळे वरच्यांनाही तोच त्रास होत होता. उपाय पंधरा मिनिटांचा होता. जुन्या राउटरचा पत्ता बदलून १९२.१६८.१.२ केला, त्याचे क्रमांक वाटण्याचे काम बंद केले, आणि स्विचकडून येणारी केबल त्याच्या वॅन भोकात नसून साध्या भोकातच आहे याची खात्री केली. आता तो फक्त वायफाय पसरवण्याचे काम करतो. ही सर्व दुरुस्ती मुलीने स्वतःच्या हाताने केली.

त्या संध्याकाळी तिचे वडील कित्येक आठवड्यांनी वर गेले. काय बोलणे झाले ते मला माहीत नाही आणि विचारण्याचा मला अधिकारही नाही. वाटणी पुढे रीतसर झाली. पण 'मुलीचं वर्ष बुडवायला निघाले' हा आरोप त्या घरातून कायमचा गेला, एवढे त्यांनी नंतर मला स्वतः सांगितले. मुलीला आम्ही चाचणी पुन्हा देऊ दिली. तिची ती वही मी पाहिली आहे. त्यात वेळ, काय केले आणि काय दिसले असे तीन रकाने आहेत. 'कोणी केले' असा रकाना नाही.

दुसरे उदाहरण शाळेतलेच. एकदा दिवाळीपूर्वीच्या सफाईनंतर संगणक कक्षातील सर्व संगणकांचे नेट एकदम बंद पडले. बाहेरची जोडणी ठीक होती. स्विचवरचे सगळे दिवे मात्र एकाच वेळी, वेड्यासारखे लुकलुकत होते. आवराआवर करताना एका केबलचे मोकळे टोक खाली लोंबत होते, ते कोणीतरी नीटनेटकेपणासाठी त्याच स्विचच्या रिकाम्या भोकात खोचले होते. केबलची दोन्ही टोके एकाच स्विचमध्ये गेली. अशाने सर्वांना उद्देशून दिलेला एखादा निरोप गोल गोल फिरत राहतो, वाढत जातो, आणि शेवटी खऱ्या निरोपाला वाटच मिळत नाही. हा धोका टाळणारी युक्ती रेडिया पर्लमन या विदुषीने १९८५ मध्ये शोधली, पण साध्या स्वस्त स्विचमध्ये ती बहुधा नसते. केबल काढताच कक्ष सुरू झाला. मुलींना मी मुद्दाम सांगतो की ज्या कामाच्या आधारावर मोठमोठ्या कार्यालयांची जाळी उभी राहिली, ते एका स्त्रीचे आहे.

काही किरकोळ पण उपयोगी गोष्टी. केबलमध्ये आठ तारा असतात, दोन-दोनच्या चार जोड्या, आणि प्रत्येक जोडी एकमेकींभोवती पिळलेली. बाजूच्या तारांचा त्रास एकमेकींना होऊ नये म्हणून तो पीळ असतो. १०० मेगाबिट वेगाला चारच तारा पुरतात, १००० मेगाबिटला आठही लागतात. उंदराने एखादी तार कुरतडली तर कधी कधी नेट बंद न पडता नुसते मंद होते, आणि आपण कंपनीला दोष देत बसतो. एकसंध केबल १०० मीटरपेक्षा लांब नेऊ नये.

वायफायला भिंती आवडत नाहीत. आपल्या जुन्या घरांच्या भिंती जाड आहेत. २.४ गिगाहर्ट्झचे वायफाय भिंतीतून जरा बरे जाते पण त्याला गर्दी फार, आणि मायक्रोवेव्ह भट्टीही त्याच पट्ट्यात काम करते. ५ गिगाहर्ट्झचे वेगवान, पण भिंतीपुढे लवकर थकते. म्हणून डबा कपाटात, टीव्हीमागे किंवा जमिनीवर ठेवू नये. नेट संथ वाटले तर आधी केबलने जोडून पाहावे. केबलवर ठीक असेल तर दोष वायफायचा, नेटचा नाही.

माळव्यात पावसाळ्याच्या तोंडाशी विजा जोरात कडाडतात. तांब्याच्या टेलिफोन तारेवरून येणाऱ्या लाटेने मोडेम जळतात. फायबरमधून वीज येत नाही, पण डब्याचा अडॅप्टर विजेच्या बोर्डालाच लावलेला असतो. मोठा गडगडाट असेल तर तो काढून ठेवावा. अडॅप्टर बदलताना नवीन अडॅप्टरवरील व्होल्ट जुन्याइतकेच आहेत का ते वाचूनच लावावे. टोक बसले म्हणजे तो चालतो असे नाही. ९ व्होल्टच्या डब्याला १२ व्होल्ट दिले तर डबा जाऊ शकतो.

बंद-चालू करायचे झाल्यास क्रमाने करावे. आधी मोडेम, त्याचे दिवे स्थिर होईपर्यंत दोन मिनिटे थांबणे, मग राउटर, शेवटी संगणक. आणि डब्यामागच्या टाचणीच्या भोकाला हात लावू नये. ते बंद-चालू करण्याचे बटण नव्हे. त्याने डब्यातील सर्व मांडणी पुसली जाते आणि कंपनीने दिलेले नाव व संकेतशब्द हाताशी नसेल तर चांगला चाललेला डबाही मुका होतो.

हे सर्व लिहिण्याचा हेतू प्रत्येक घरात एक तंत्रज्ञ तयार व्हावा असा नाही. कंपनीचा माणूस यावाच लागेल अशा वेळा येतात. पण त्याला फोनवर "नेट चालत नाही" असे सांगण्याऐवजी "लॉसचा दिवा सकाळी सातपासून लाल आहे" असे सांगितले तर काम लवकर होते, हा माझा अनुभव आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, पाहण्याआधी दोष कोणाचा हे ठरवायचे नाही, ही सवय मुलांना याच वयात लागते. ती पुढे डब्यांपुरती राहत नाही.

विश्वस्त मंडळाला माझी एक छोटी विनंती आहे. शाळेसाठी केबल तपासण्याचे एक साधे यंत्र, दोन चांगल्या केबली आणि एक जादा स्विच घ्यावा. गरजू विद्यार्थ्यांना ते एका दिवसासाठी घरी नेता येतील. फार मोठा खर्च नाही. संगणक शिक्षकांनी दर शनिवारी शाळा सुटल्यावर एक तास या कामासाठी देण्याची तयारी दाखवली आहे, त्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे.

आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांना दिवाळीच्या सुट्टीतील एक काम देतो. आपल्या घरातील जाळ्याचा नकाशा काढायचा. बाहेरची तार कुठून येते, कोणता डबा कुठे आहे, कोणती केबल कोणत्या भोकातून कुठे जाते, सर्व ठीक असताना कोणते दिवे कसे दिसतात, आणि आतले पत्ते कोणते. नकाशाची एक प्रत डब्याजवळच्या भिंतीवर चिकटवायची, दुसरी वर्गशिक्षकांकडे द्यायची. घरात आजी-आजोबा असतील तर त्यांना तो समजावून सांगायचा. परगावच्या मुला-नातवंडांचा चेहरा याच तारेवरून त्यांना दिसतो, आणि दुपारी ती बंद पडली तर घरात बहुधा तेच एकटे असतात.

— प्राचार्य